‘महिना साठ हजार शिल्लक’ : थायलंडला इंग्रजी शिकवायला गेले, त्याची हकीकत

माझे १,८५,००० रुपये गेले. त्यातले सव्वा लाख आईच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले होते. ज्यांची मुलं-मुली सध्या ‘परदेशात इंग्रजी शिकवा’ अशा जाहिराती बघत आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

मी कळव्याला राहते. इंग्रजीत एम.ए. केलंय, बी.एड. नाही. सात वर्षं ठाण्यात एका क्लासमध्ये आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. महिना बावीस हजार, आणि मे महिन्यात निम्मेच. ऑगस्ट २०२४ मध्ये फोनवर जाहिरात आली, मी नंबर लावला, आणि त्याच शनिवारी ट्रान्स-हार्बरने वाशीला गेले. सेक्टर १७ मध्ये ऑफिस होतं. भिंतीवर जगाचा नकाशा, त्यात टाचण्या, शाळेच्या गणवेशातल्या मुलांबरोबर हसणाऱ्या आपल्याकडच्या मुलींचे फोटो. समोरचा गृहस्थ स्वच्छ मराठी बोलत होता आणि मला ‘ताई’ म्हणत होता. नोकरीचं नंतर बोलला. आधी विचारलं, घरी कोण कोण आहे, घर स्वतःचं की भाड्याचं, कर्ज किती उरलंय. मी सांगून टाकलं : सहा लाख ऐंशी हजार.

मग त्याने कॉम्प्युटरवर टाइप करून एक कागद छापून दिला. तो अजून माझ्याकडे आहे. चारच ओळी. पगार ३२,००० बाथ. राहणं शाळेकडून. जेवण व इतर ८,००० बाथ. शिल्लक २४,००० बाथ, म्हणजे ६०,००० रुपये, कारण तेव्हा एक बाथ साधारण अडीच रुपयांना होता. खाली पिवळ्या हायलायटरने : वर्षाला ७,२०,०००. माझं कर्ज फिटून वर चाळीस हजार उरत होते. तो आकडा माझ्याच तोंडून काढून घेऊन त्याच्यापुढे हिशेब मांडला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी येऊन आईच्या हातात दिला.

तो हिशेब कुठे कुठे खोटा होता ते आज मला नीट सांगता येतं. थायलंडचं शालेय वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि मार्चच्या आसपास संपतं. परदेशी शिक्षकांना बऱ्याच ठिकाणी दहा-अकरा महिन्यांचंच कंत्राट मिळतं, सुट्टीचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे बाराने गुणणं तिथेच चुकलं. दुसरं म्हणजे, तीस-पस्तीस हजार बाथ पगार सहसा इंग्लंड-अमेरिकेकडच्या शिक्षकांना मिळतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांना त्याच शाळेत त्याच वर्गासाठी कितीतरी कमी देतात. हे अन्यायाचं आहे, पण आहे. आणि राहणं शाळेकडून आहे की नाही, हे शाळेच्या सही-शिक्क्याच्या पत्राशिवाय कोणाचंच खरं धरू नये.

पैसे तीन वेळा घेतले. नोंदणीचे १५,००० रोख. ‘१२० तासांच्या कोर्स’चे ४५,०००. मग प्लेसमेंटचे १,२५,०००, तेही एका बाईच्या नावावरच्या साध्या बचत खात्यात, एनईएफटीने. १२० तासांचा कोर्स मी चार संध्याकाळी संपवला. पर्याय निवडायचे, चुकलं तर पुन्हा निवडायचे. एकाही खऱ्या वर्गात कोणी माझं शिकवणं बघितलं नाही. केंब्रिजच्या सेल्टा कोर्समध्ये, म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात, सहा तास प्रत्यक्ष वर्गावर शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक समोर बसून ते बघत असतो, हे मी नंतर वाचलं. प्रमाणपत्र पीडीएफमध्ये आलं तेव्हा मला आनंद झाला होता. सात वर्षं शिकवणाऱ्या मला ते पोकळ आहे हे कळायला हवं होतं.

बाबांनी एक प्रश्न अचूक विचारला होता. ‘यांच्याकडे सरकारी परवाना आहे का?’ मी फोन करून विचारलं. उत्तर आलं, ‘ताई, तुम्ही पदवीधर, तुमचा पासपोर्ट ईसीएनआर. तुम्हाला यातलं काही लागू नाही.’ ऐकायला खरं वाटतं, आणि अर्धं खरं आहेही. ईसीएनआर पासपोर्ट असला की एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जायची सरकारी परवानगी, मला लागत नाही. पण माणसं परदेशी नोकरीला पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागतेच. त्याच्यापुढे बसलेली व्यक्ती दहावी नापास असो नाहीतर पीएच.डी. नोंदणी असलेल्या एजंटांची नावं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही बघता येतात. आणि नोंदणी असलेला एजंटसुद्धा सेवेचे ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेऊ शकतो. जीएसटी धरून ३५,४००. मी त्याच्या पाचपटीहून जास्त दिले.

व्हिसाचं उत्तरही तसंच. ‘भारतीयांना थायलंडला आता व्हिसाच लागत नाही.’ खरंच लागत नव्हता, जुलै २०२४ पासून साठ दिवस राहता येत होतं, पण ते फिरायला जाणाऱ्यांसाठी. नोकरीला जाणाऱ्याने शाळेची कागदपत्रं घेऊन नॉन-इमिग्रंट बी व्हिसा काढायचा असतो, त्याच्यापुढे वर्क परमिट. थायलंडची वकिलात मुंबईतच आहे. एकदा जाऊन विचारलं असतं तर अर्ध्या दिवसात सगळं कळलं असतं. त्याऐवजी विमानतळावर ‘फिरायला चाललेय’ असं सांगायचं, हे मला पाठ करून घेतलं गेलं, हॉटेलचं एक बुकिंगही दिलं. सरकारी माणसासमोर खोटं बोलायला लावलं, तिथेच मी परत फिरायला हवं होतं. पण तोवर पाटल्या गहाण पडल्या होत्या.

ऑक्टोबरअखेर गेले. नाखोन राचासिमा, तिथे सगळे कोराट म्हणतात. मुलं अतिशय गोड होती, एवढं मला सांगायलाच हवं. सकाळी गेटवर हात जोडून ‘टीचर’ म्हणून उभी राहायची, पहिल्या आठवड्यात दोघीतिघींनी हाताने केलेली कार्डं दिली. त्यांच्यासाठीच मी तीन महिने काढले.

पगार निघाला १८,००० बाथ. त्यातले ‘कंत्राट पूर्ण केल्यावर परत’ म्हणून दरमहा ३,००० कापून घेत. हातात १५,०००. खोली शाळेची नव्हतीच, भाडं ४,०००, आणि सुरुवातीला दोन महिन्यांची अनामत ८,०००. वीज-पाणी ९००. फोन आणि जाण्यायेण्याला १,५००. जेवणाला ५,०००. आम्ही घरी मासे खात नाही, आणि तिथे भाजीतही माशांचा सॉस असतो, म्हणून मी एक राइस कुकर घेतला आणि बहुतेक रात्री खिचडीच खाल्ली. महिन्याला उरायचे ३,६०० बाथ. म्हणजे ९,००० रुपये. डिसेंबरअखेर साठ दिवस संपले तेव्हा इमिग्रेशन ऑफिसात १,९०० भरून तीस दिवस वाढवून घेतले. जानेवारीअखेर नोंग खाईवरून पूल ओलांडून लाओसमध्ये गेले आणि परत आले, फक्त पासपोर्टवर नवा शिक्का पडावा म्हणून. गाडी, लाओसचा व्हिसा, एक रात्र मुक्काम मिळून ६,५००. तीन महिन्यांचे १०,८०० वाचलेले त्यातून हे वजा करा, अनामत वजा करा. मी ५,६०० बाथ तोट्यात होते. घरी मात्र दर रविवारी फोनवर ‘सगळं छान आहे’ म्हणत होते.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी शाळेतून निरोप आला : उद्या येऊ नका, तपासणी आहे. शेजारच्या वर्गाला शिकवणारी फिलिपिन्सची शिक्षिका माझ्याच इमारतीत राहायची. मी तिला म्हटलं, उद्या सुट्टी आहे ना? तिने कपाटातून एक निळं पुस्तक काढून माझ्यासमोर धरलं. आत तिचा फोटो, शाळेचं नाव, तारखा. वर्क परमिट. ‘तुझं कुठाय?’ तिने विचारलं. इंग्रजीची परीक्षा देऊन, कागद जमवून, थेट शाळेला अर्ज करून ती आली होती. एजंटला एक पैसा दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पडदे ओढून खोलीत बसून होते. परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि देशाबाहेर रवानगी, हे मी त्या दिवशी मोबाइलवर वाचलं. संध्याकाळी आईला खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘तू आधी घरी ये.’

खोलीची अनामत आणि कापलेले ९,००० बाथ तिथेच राहिले. वाशीचा फोन आधी ‘कंत्राट तुम्ही मोडलंत’ असं म्हणाला, मग लागेनासा झाला. मार्चमध्ये बाबांबरोबर गेले तर ऑफिसला कुलूप आणि दारावर ‘भाड्याने देणे आहे’.

पोलिसांत तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली. वकिलांनी पावत्या मागितल्या तेव्हा मी त्या पहिल्यांदा नीट वाचल्या. कुठेही ‘नोकरी’ हा शब्द नाही. ‘करिअर मार्गदर्शन व प्रशिक्षण शुल्क’. म्हणजे पावती फाडतानाच त्यांनी पुढची तयारी केलेली होती. कृपा करून पावतीवर कशाचे पैसे ते लिहून घ्या, आणि वैयक्तिक खात्यात पैसे मागितले तर देऊ नका. ऑनलाइन पाठवलेले पैसे गेल्याचं कळलं तर लगेच १९३० ला फोन करा. मी केला तेव्हा सहा महिने उलटून गेले होते आणि त्या खात्यात काही उरलेलं नव्हतं.

मी पुन्हा क्लासमध्ये शिकवते आहे. पाटल्यांचं व्याज दर महिन्याला मी भरते. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीची आई वर्ग सुटल्यावर थांबली. तिच्या मोठ्या मुलीसाठी कोणीतरी एक कागद दिला होता, घडी उघडून मला दाखवला. चार ओळी. थायलंडच्या जागी व्हिएतनाम, बाथच्या जागी डाँग, कंपनीचं नाव वेगळं, पत्ता बेलापूरचा. शेवटची ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवलेली होती. मी तिला विचारलं, ‘ताई, तुमच्या डोक्यावर कर्ज किती आहे, हे त्यांनी विचारलं होतं का?’ ती म्हणाली, ‘हो, तुम्हाला कसं कळलं?’ त्या कागदाचा फोटो मी त्याच दिवशी तपास अधिकाऱ्यांना दिला. तिने अजून पैसे भरलेले नाहीत.