गाइड डॉगचा हार्नेस, सोलापुरात बनवलेला

गाइड डॉग म्हणजे अंध माणसाला वाट दाखवणारा कुत्रा. त्याच्या अंगावरचा साज, म्हणजे हार्नेस, पारखायची कसोटी एकच. कुत्र्याच्या खांद्यात जे घडतं, त्यातलं माणसाच्या डाव्या हाताच्या बोटांपर्यंत किती पोचतं? कातडं, रंग, चकाकी हे सगळं त्याच्या मागून. ही कसोटी लावली की ऑनलाइन ‘गाइड डॉग हार्नेस’ म्हणून दीड-दोन हजारांत मिळणारा बहुतेक माल तिथंच बाद होतो. ते जाकीट असतं, पाठीवर कापडी कडी शिवलेली. कुत्रा आवरायला ती ठीक. पण मऊ कडीतून फक्त ओढ कळते. कुत्रा डावीकडे सरकला, थबकला, पायरी उतरला, यातलं काहीच नाही. त्याला ताठ दांडाच लागतो.

म्हणून हे परीक्षण सोलापुरातल्या एका चर्मकाराकडून करून घेतलेल्या हार्नेसचं आहे. माप २८ किलोच्या लॅब्रॅडॉरचं. कातडं, बकलं, ॲल्युमिनियमचा दांडा आणि मजुरी मिळून ३,८०० रुपये, वेळ बारा दिवस. भाग चारच: पाठीवरचा रुंद पट्टा, छातीवरून आडवा जाणारा पट्टा, पुढच्या पायांच्या मागून पोटाखाली आवळायचा तंग आणि हातात धरायचा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा दांडा.

शिलाईला पैकीच्या पैकी गुण. आरीने भोक पाडून दोन सुयांनी हाताने घातलेला टाका आहे. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो; मशीनची शिलाई एकदा सुटली की उसवतच जाते. कडा रापीने तासून घासलेल्या आहेत, त्यामुळे काखेत घासत नाही. तिथली कातडी पातळ असते. रोज दोन तास चालणाऱ्या कुत्र्याचे केस आधी तिथलेच जातात.

मार खातो तो जोड. दांड्याची नळी १२ मिलिमीटरची आणि ज्या कड्यात ती बसते ते कडं १६ चं. चार मिलिमीटरचा हा खेळ, म्हणजे ढिलेपणा, मुठीपाशी दोन सेंटिमीटरच्या वर जातो. आता कुत्रा फूटपाथच्या कडेला थांबतो तेव्हा काय होतं बघा: त्याचा पुढचा भाग किंचित खाली जातो आणि दांडा जेमतेम सेंटिमीटरभर हलतो. माणसाला मिळणारी बातमी तेवढीच. ती त्या खेळात गडप झाली की माणूस एक पाऊल पुढे टाकून मोकळा होतो, आणि चूक कुत्र्याच्या नावावर जाते. पितळी वायसर आणि आत कातड्याची चकती घातल्यावर जोड घट्ट झाला. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. नेहमीचं गिऱ्हाईक कुत्रा बांधायला पट्टा मागतं, त्यामुळे कारागिराचा तरी काय दोष!

दुसरी चूक छातीच्या पट्ट्याची. तो खांद्याच्या सांध्यावर बसत होता. तसा बसला की कुत्र्याचं पाऊल आखूड पडतं, पाच-दहा मिनिटांत चाल मंदावते आणि तो तिरका चालू लागतो. वर सरकवला तर श्वासनळीवर दाब येतो. जागा या दोहोंच्या मधली, पट्ट्याखाली दोन बोटं सरकतील इतकी सैल. तंगाची भोकं चार-चार सेंटिमीटरवर पाडली होती, म्हणजे एक भोक घट्ट आणि पुढचं ढिलं. तंग ढिला राहिला की सगळा साज माणसाच्या बाजूला लोळतो. अडीच सेंटिमीटरवर सात भोकं मागून घ्या.

दांड्याची लांबी कुत्र्याच्या मापाने ठरत नाही, जोडीच्या मापाने ठरते. माणूस रोजच्या चपला-बुटांत उभा, डावा हात सैल, कोपर किंचित वाकलेलं, कुत्रा अर्धं पाऊल पुढे. या हार्नेसमध्ये ती ४५ सेंटिमीटर आली. लांब झाला तर वळण उशिरा कळतं; आखूड झाला तर माणूस वाकून चालतो आणि बुटाचं टोक कुत्र्याच्या मागच्या पायाला लागतं.

बकलाबाबत एक गोष्ट मनापासून आवडली. घालता-काढताना फक्त तंगाचं बकल उघडावं लागतं, आणि त्याच्या शेजारी कारागिराने कातड्याची गाठ ठेवली आहे. डावं-उजवं बोटांना कळतं, न बघता हार्नेस दोन मिनिटांत चढतो. रात्रीसाठी चमकपट्टी मात्र नव्हती. ती पाठीच्या पट्ट्यावर आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंना शिवून घ्यायलाच हवी.

सोलापूरचं ऊन हा वेगळाच विषय. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा दुचाकीच्या डिकीत ठेवलेला हार्नेस कडक होतो आणि बकल चटका देतं. पंधरवड्याने कापडाच्या बोळ्याने तेलाचा हलका हात फिरवा. जास्त तेल चोपडलं तर कातडं ताणतं आणि तंग एक भोक ढिला पडतो. पावसात भिजला तर सावलीत वाळवा. फिरायला निघण्याआधी डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. टिकत नसेल तर कुत्र्याचे पंजेही टिकणार नाहीत. सराव उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ, बस्स.

नवी पेठेच्या बाजारात हार्नेसची खरी परीक्षा होते. फूटपाथवर गाड्या, त्यांची हँडलं कमरेच्या उंचीवर, वर दुकानांचे पत्रे. कुत्रा सहज निघून जातो, माणसाचा उजवा खांदा मात्र आपटतो. ती उजवीकडची आणि डोक्यावरची जागा मोजायला कुत्र्याला वेगळं शिकवावं लागतं. हार्नेस ते शिकवत नाही. सात रस्ता चौकात रस्ता कधी ओलांडायचा हेही कुत्रा ठरवत नाही. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. कानोसा घेऊन ‘फॉरवर्ड’ म्हणायचं माणसाने, आणि गाडी अंगावर येत असेल तर हुकूम मोडून थांबायचं कुत्र्याने.

हुकमांवरून आठवलं, ‘बस’ हा शब्द टाळा. रिक्षा मागे घेणाऱ्याला ‘येऊ दे, येऊ दे, बस, बस’ म्हणणारा कोणीतरी कायम असतो, आणि कुत्रा भर रस्त्यात बैठक मारतो. ‘सिट’ बरा.

पिल्लाला हार्नेस घालू नये. ‘द सीइंग आय’ या १९२९ पासूनच्या अमेरिकी शाळेत पिल्लू सात-आठ आठवड्यांचं असताना एखाद्या घरी वाढायला जातं, वर्ष-सव्वा वर्षाने परत येतं आणि मग साधारण चार महिने शिकतं. ताठ दांड्याचं काम तेव्हापासूनचं. सुरुवातीला नुसते पट्टे दहा मिनिटं, सोबत खाऊ. मग पाठीवर आडवा टाकलेला दांडा, म्हणजे त्याच्या खडखडाटाची सवय होते. दांडा हातात धरणं त्याच्या नंतर. दांडा सोडला की कामाची सुट्टी, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावा. हार्नेसमधल्या कुत्र्याला गोंजारणारे पाहुणेच शिक्षण बिघडवतात.

जोड, छातीचा पट्टा, भोकं आणि चमकपट्टी या चार गोष्टी आधीच बजावल्या, तर या किमतीत हा हार्नेस घ्यावा. माप द्यायला कुत्रा आणि माणूस दोघांनी जावं, आणि पंधरा दिवसांच्या वापरानंतर कातडं बसलं की पुन्हा एकदा. दुकानात गर्दी दुपारनंतर असते, आणि दारासमोर सगळं डांबरच आहे; नऊच्या आत गेलेलं बरं.