दोन माणसांचा टेंट, आठ महिन्यांनंतर: चेन सोडून बोला

आधीच सांगते, हा रिव्ह्यू टेंटचा कमी आणि चेनचा जास्त आहे. बाकी स्पेक्स सगळ्यांना माहीत असतात, डबल लेयर, फायबरचे पोल, तीन किलोच्या आत वजन, वॉटरप्रूफिंग २००० एमएम वगैरे, ते पेजवर लिहिलेलंय तिथे बघा. मी नोव्हेंबरमध्ये सेलमध्ये ४,२०० ला घेतला. नवरा म्हणाला भाड्याने मिळतो की पायथ्याला, मी म्हटलं दहा वेळा भाडं भरलं की तेवढेच होतात, आणि दुसऱ्याच्या घामाच्या वासात कोण झोपेल. आता हिशोब काढला तर आठ महिन्यांत जेमतेम तीन वेळा लागलाय, पण ते घरात बोलायचं नाही.

वापरणाऱ्या दोघी, मी आणि माझी मोठी नणंद. हो, नणंद-भावजय. लोक पायथ्याला दोनदा विचारतात, मग गप्प बसतात. घरी मी तिला अहोजाहो करते, "ताई, तुम्ही बसा, मी करते" टाइप. ही माहिती पुढे लागणार आहे.

पहिली ट्रिप डिसेंबरात हरिश्चंद्रगड, पाचनईकडून. सोपी वाट म्हणून तीच धरली, तरी पाठीवर टेंट, दोन मॅट, थालीपीठं आणि ताईंनी लपवून आणलेला अर्धा किलो चिवडा. केदारेश्वराच्या लेण्यात गेलो, पिंडीभोवती कमरेएवढं गार पाणी, चार खांबांतला एकच शाबूत. तो पडला की जग बुडतं असं म्हणतात. संध्याकाळी कोकणकड्यावर सूर्य बघितला आणि कड्यापासून बरंच आत, स्टॉलवाल्यांच्या तंबूंशेजारी आमचा लावला. पंधरा मिनिटांत उभा राहिला, ह्याचे मार्क पूर्ण.

रात्री दीडच्या सुमाराला वारा सुटला. मी बाहेर जाऊन आले आणि बाहेरच्या कव्हरची चेन लावायला घेतली तर रनर (चेनवर सरकतो तो तुकडा) वर जातोय आणि चेन त्याच्या मागे उघडीच. परत खाली, परत वर, तेच. कव्हरचा दरवाजा झेंड्यासारखा फडफडायला लागला, आतला दरवाजा नुसता जाळीचा, म्हणजे सगळा गडाचा वारा थेट पायांवर. ताई उठल्या, टॉर्च तोंडात धरला, मंगळसूत्राच्या तीन सेफ्टी पिना काढल्या आणि चेनच्या कापडी पट्टीतून घालायला लागल्या. मी घाईत एक पीन कव्हरच्या कापडातूनच खुपसणार होते तर हात धरला, "पट्टीतून घाल, कापडाला भोक पडलं की पावसात गळेल." (फॉल-पिकोचं काम करते ती, तिला कापड कळतं.) मी दोन्ही हातांनी पट्ट्या ओढून धरलेल्या, बोटं बधिर, आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं धर ना नीट टॉर्च!" निघून गेलं ते गेलं. ती काही बोलली नाही, टॉर्च तेवढा नीट धरला. तेव्हापासून गडावर अगं आणि घरी अहो असं चाललंय.

तीन पिनांवर सकाळपर्यंत काढली. झोप किती ते विचारू नका. पिनांच्या मधून वारा येतच होता, आम्ही चिवडा खात बसलो आणि घरातल्या लोकांची यथेच्छ उणीदुणी काढली.

परत येऊन मी कंपनीला फोटो पाठवले, मग सुरू झालं नाटक. आधी म्हणाले बिल पाठवा. पाठवलं. मग म्हणाले व्हिडिओ पाठवा. मी हॉलमध्ये टेंट लावून व्हिडिओ काढला, मुलगा आत जाऊन बसला तो बाहेर येईना. मग आठ दिवसांनी उत्तर, की चेन हा वापराने झिजणारा भाग, वॉरंटीत नाही, पूर्ण दरवाजाचं पॅनेल बदलावं लागेल, १,४५० रुपये, कुरिअर दोन्हीकडचं तुमचं. एका रात्रीत कसली झीज हो? मी दीड महिना मेलवर भांडले. नव्या वस्तूवर १,४५० घालणं माझ्या स्वभावात नाही.

ताई पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, "दात शाबूत आहेत, रनर ढिला झालाय." पण मला जिंकायचं होतं ना. शेवटी फेब्रुवारीत सांधण व्हॅलीचं ठरलं तेव्हा तिनेच टेंटची पिशवी उचलली आणि बॅगा रिपेअर करणाऱ्याकडे नेली. त्याने रनर बघितला, पक्कडीने दोन्ही बाजू जरा दाबल्या, चेन लागली. मग म्हणाला हे तात्पुरतं आहे, नवीनच टाकतो. दोन रनर, टोकाला चार टाके, ४० रुपये. चाळीस!! मी दीड महिना मेल लिहिल्या त्याचा वेळ कोणी मोजला तर कंपनीपेक्षा माझाच मूर्खपणा जास्त भरेल.

इथे माझं मत थोडं बदललं, म्हणून आधीचं खोडत नाही, पुढे लिहिते. सांधणजवळच्या साम्रद गावात एका घराच्या अंगणात परवानगी घेऊन टेंट लावताना ताईच्या लक्षात आलं की आम्ही दरवाजा उघडा ठेवून खुंट्या ठोकतोय, कापड बाहेर ताणलं जातं आणि मग चेन जबरदस्तीने ओढून लावतो. रनर रुंद होणारच. बरोबर रीत म्हणजे आधी चेन बंद करायची, मग खुंट्या. आणि माती लागलेली चेन जुन्या टूथब्रशने झाडून तिच्यावर मेणबत्ती घासायची. म्हणजे चूक अर्धी आमची होती. अर्धीच. कारण हे एक वाक्य पिशवीवर छापायला किती खर्च येतो? त्याऐवजी तिथे डोंगराचं चित्र आहे.

सांधणबद्दल वेगळं लिहीन, इतकंच की दोन्ही बाजूंनी कातळ, मधल्या पाण्यात मांडीपर्यंत उतरून ताईने मला हाताला धरून पलीकडे नेलं, आणि चेन पूर्ण रात्र टिकली.

खरी परीक्षा मेच्या शेवटी भंडारदऱ्याला, काजवे बघायला. पहिला पाऊस बसायच्या आधीचे ते थोडेच दिवस असतात. बाकी लोक मोबाइलचे टॉर्च मारत हिंडत होते, ताईने दोघांना खडसावलं, विझवा ते, किड्यांना दिसत नाही एकमेकांचं. मग एका झाडावर सगळे एकदम लुकलुकले आणि एकदम विझले, परत एकदम. दोघी गप्प. ती गप्प बसते हे मी तिथेच पहिल्यांदा बघितलं.

रात्री वळवाने झोडपलं. पाणी आत आलं नाही, एक थेंब नाही, ह्याचं कौतुक करायलाच पाहिजे. सकाळी आतून ओलं होतं ते गळती नव्हे, आम्हा दोघींच्या श्वासाची वाफ. वरची खिडकी पावसाच्या भीतीने बंद केली होती, ती थोडी उघडी ठेवायची असते. जागा दोघींची म्हणतात, पण कूस बदलायची तर दुसरीला विचारावं लागतं. आणि ओला टेंट घडी घालून ठेवू नका, आतलं कोटिंग चिकट होऊन सुटतं, आमचा दोन दिवस गच्चीवर साड्यांच्या दोरीवर होता.

भंडारदऱ्याचं १९२६ साली बांधून झालेलं विल्सन धरण अजून पाणी धरून उभं आहे आणि ह्यांची चेन पहिल्या रात्रीत गेली, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

टेंटला साडेतीन स्टार. सर्व्हिसला शून्य द्यायची सोय नाही म्हणून एक. घेणार असाल तर घ्या, पण ट्रेकला जायच्या आधी टेंटचा रनर दुकानदाराला दाखवून त्याच मापाचे दोन जास्तीचे घेऊन सॅकमध्ये टाका. सेफ्टी पिनाही. ताईच्या त्या तीन अजून माझ्याकडेच आहेत, टेंटच्या पिशवीच्या बंदाला लावलेल्या, आणि ती मागत नाही.