1916 च्या कागदावर 'तालुका निपाणी'

पणजोबांचे थोरले बंधू पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत, असं आमच्या घरात सांगत आलेत. निपाणीच्या आसपासच्या गावांत अशी एक-दोन घरं हमखास सापडतात. आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेनं 29 एप्रिल 1916 ला शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. त्यामुळं घरच्या गोष्टीवर कुणी शंका घ्यायचं कारण नव्हतं, आणि तिथंच त्या माणसाचं फावलं.

तो आमच्या तात्यांना (माझे थोरले चुलते) एका लग्नात भेटला. मोडी वाचतो, जुने कागद काढून देतो, अशी ओळख करून दिली. "तात्या, काय काळजी करू नगासा. म्हाताऱ्याचा पगार नि नुकसानभरपाई लंडनमधी तशीच पडून हाय. वारसा सिद्ध झाला की खात्यावर जमा!"

आता आमच्याकडं असल्या माणसांचं पोट का भरतं तेही सांगतो. आमच्या गावचे जुने कागद मोडी लिपीत. 1956 ला आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरला जोडला गेला आणि पुढचं दप्तर हळूहळू कन्नडमध्ये गेलं. म्हणजे पणजोबांचं नाव मोडीत, आमचं कन्नडमध्ये, आणि आम्ही शिकलो बाळबोध, म्हणजे देवनागरी. मधला माणूस वाचून दाखवील तेच खरं.

आधी शोधाचे पैसे, मग स्टॅम्पचे, मग 'लंडनच्या वकिलाचे'. सगळे मिळून 28,000 रुपये, फोनवरून पाठवलेले. बदल्यात प्लास्टिकच्या फायलीत दोन कागद आले. एक पलटणीचा दाखला: 1916 साली कुत इथं वीरमरण. दुसरा मोडीतला वारस-दाखला, त्याच सालचा. तात्यांनी दाखल्याची फ्रेम करून घेतली. गावात पेढेसुद्धा वाटले!

मी पलटणीचा दाखला उजेडात धरून बघितला. वर लिहिलं होतं 'मुक्काम अमुक, तालुका निपाणी'. निपाणी तालुका झाला परवा-परवा, 2018 च्या सुमाराला. त्याआधी आमचा तालुका चिकोडी. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरही चिकोडीच आहे. त्याच दाखल्यावर इंग्रजीत शिक्का होता 'पाचवी मराठा लाइट इन्फंट्री'. हे नाव पलटणींना 1922 च्या फेररचनेत मिळालं. 1916 च्या शिक्क्यात ते येणार कुठून?

मोडी मला येत नाही, पण कोल्हापूरच्या एका निवृत्त मास्तरांना येतं. त्यांनी वारस-दाखला न वाचताच बाजूला ठेवला. जुना कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं जोडत जायचा. या कागदावर प्रत्येक शब्दानंतर रेघ तुटलेली, आणि सगळे 'र' एका साच्यातले. "कॉम्प्युटरचा फॉन्ट आहे हा," मास्तर म्हणाले. "वरून चहाचं पाणी मारलंय."

तात्यांनी फोन लावला. "जुन्या कारकुनाची चूक असंल," एवढंच उत्तर आलं. त्यानंतर नंबर बंद.

मग रीतसर अर्ज करून गावच्या जुन्या डायरीच्या, म्हणजे फेरफार नोंदीच्या, नकला काढल्या. फी किरकोळ, वेळ मात्र भरपूर. मास्तरांनी त्या वाचून दिल्या. 1924 च्या नोंदीत म्हातारा जिवंत! आपला हिस्सा भावकीतल्याच एकाला विकून मोकळा झालेला. बसऱ्याहून तो परत आला होता, की गेलाच नव्हता, ते नोंदीत नाही. जमीन विकून गाव सोडलेल्या माणसाची लाज झाकायला घरच्यांनी बसरा पुढं केला असेल, असं मला वाटतं. तात्यांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, डायरीतला दुसराच कुणीतरी असेल. भिंतीवरची फ्रेम मात्र त्यांनी स्वतःच उतरवली.

युद्धात गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत फुकट शोधता येतात. बऱ्याच हिंदी शिपायांपुढं बापाचं नाव आणि गावही असतं. ती यादी आधी बघा. जुना कागद कुणी आणून दिलाच, तर तालुका, पलटण आणि साल यांचा मेळ लावा, आणि मोडी वाचायला आणणाऱ्यापेक्षा वेगळा माणूस गाठा. मूळ दप्तरातली सही-शिक्क्याची नक्कल नसेल तर पैसे देऊ नका. फोनवरून दिलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर कळवा. आम्ही फार उशिरा कळवलं. तक्रार नोंदली गेली, पैसे आलेले नाहीत.

माणूस पन्नाशीचा आहे, बोलायला गोड. काखेत कायम रेक्झिनची बॅग. मागच्या महिन्यात खानापूरकडच्या आमच्या एका पाहुण्यांना असाच कुणीतरी भेटलाय. तिथं लंडनऐवजी दिल्लीत रक्कम पडून आहे म्हणे.