हॉक माउंटन: ढगाळ दिवशी जावे असे ठिकाण

पेनसिल्व्हेनियातील किटाटिनी डोंगररांगेवरच्या हॉक माउंटन अभयारण्यात स्थलांतर करणारे शिकारी पक्षी पाहायचे असतील, तर निरभ्र दिवसापेक्षा ढगाळ दिवस निवडावा, असे मी आग्रहाने सुचवेन. कोऱ्या निळ्या आकाशात उंचावरचा पक्षी नजरेतून निसटतो. पांढरट ढगांवर मात्र त्याची काळी आकृती चटकन टिपता येते. शिवाय ऊन नसल्याने तापलेल्या हवेचे झोत दुबळे पडतात आणि वारा असेल, तर डोंगराला धडकून वर उसळणाऱ्या वाऱ्यावर पक्षी कड्याला लगटून, कधी अगदी डोळ्यांच्या पातळीवरून जातात. शार्प-शिन्ड हॉक हा छोटा शिकारी पक्षी भराभर पंख मारतो आणि मग क्षणभर तरंगतो, हे तेव्हा दुर्बिणीशिवाय दिसते. ढग माथ्यावरच उतरले, तर मात्र येथे होणारी पक्ष्यांची मोजणीही थांबते.

नॉर्थ लुकआउट या पक्षी पाहण्याच्या जागेची वाट दगडधोंड्यांची आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी साउथ लुकआउटवर थांबावे. बसायला खडकच असल्याने जाड आसन न्यावे. जेथे या पक्ष्यांवर सर्रास बंदुका झाडल्या जात, तो डोंगर निसर्गसंरक्षक रोझाली एज यांनी १९३४ मध्ये आधी भाडेपट्ट्याने आणि पुढे विकत घेऊन शिकार थांबवली. मोजणीही त्याच वर्षी सुरू झाली. पायवाटेचे शुल्क मला त्यामुळे सार्थकी लागलेले वाटते. ब्रॉड-विंग्ड हॉकचे थवे हवे असतील, तर सप्टेंबरच्या मध्यास जावे.