14 की 17? माळव्यात फोटो काढणाऱ्यांसाठी निकॉनच्या तीन वाइड झूम

निकॉनच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) झेड कॅमेऱ्यासाठी वाइड झूम, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी झूम लेन्स, घ्यायची ठरली की तीन लेन्स समोर येतात: 14-30 एफ/4 एस (2019), 14-24 एफ/2.8 एस (2020) आणि 17-28 एफ/2.8 (2022). 14-30सारखे आकडे म्हणजे मिलिमीटरमध्ये लेन्सचं सर्वांत रुंद आणि सर्वांत जवळचं टोक; एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो. बहुतेक जण पहिला आकडा बघतात. तो जितका लहान, तितकं चित्रात जास्त मावणार, असा हिशोब. इंदुरात राहून भोवतालचा निसर्ग टिपणाऱ्याने मात्र दुसरा आकडा आधी बघावा, असं माझं ठाम मत आहे.

आपला माळवा पठारी. जानापाव साडेआठशे मीटर उंच खरा, पण इंदूरच मुळी साडेपाचशे मीटरवर वसलेलं. 14वर तो डोंगर क्षितिजावर जाड रेघेसारखा उरतो आणि बाकी चित्र रिकाम्या आभाळाने भरतं. 28वर तोच दुप्पट मोठा येतो. 24ला थांबणारी 14-24 इथे अपुरी पडते. डोंगर याहून मोठा हवा तर लेन्स बदला, आणि भर पावसात उतारावर उभं राहून लेन्स बदलण्यासारखी कटकट नाही.

मग 14 कशासाठी? पायाशी काहीतरी असेल तेव्हा. एफ/8वर साधारण 80 सेंटिमीटरवर फोकस ठेवा. 40 सेंटिमीटरवरच्या सोयाबीनच्या पानापासून मागच्या टेकडीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. 17वर असं करताना जवळची स्पष्ट मर्यादा 40ऐवजी 60 सेंटिमीटरच्या आसपास जाते. मांडूच्या जुन्या वास्तूंतही 14चा खरा उपयोग होतो, विशेषतः मागे सरकायला जागा नसलेल्या दालनांत. आडवा कोन 14ला सुमारे 104 अंश, 17ला 93. पण 14-30ला 14वर सरळ कडा बऱ्याच वाकतात. त्या सॉफ्टवेअरने सरळ होतात, मात्र कोपरे थोडे ताणले जातात. कमानी आणि खांब हाच तुमचा मुख्य विषय असेल, तर 14-24 निःसंशय सरस.

फिल्टरचा प्रश्न पाताळपाणीला गेलं की कळतो. धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं तर शटर अर्ध्या-एक सेकंदावर आणावं लागतं. ढगाळ दिवसातही त्याला एनडी (प्रकाश कमी करणारा गडद) फिल्टर लागतोच. ओल्या काळ्या खडकांवरची चमक घालवायला पोलरायझरही हवा. पण तो लावून 14वर निळं आभाळ घेऊ नका, मधेच गडद पट्टा उमटतो. 17-28ला 67 मिलिमीटरचा फिल्टर बसतो, 14-30ला 82चा. दोन्ही सहज मिळतात. 14-24ला मात्र 112चा, आणि तोही सोबत येणाऱ्या मोठ्या हूडवर (लेन्सपुढच्या आडोशावर) बसवायचा. लेन्सच्या किमतीत या फिल्टरची किंमतही धरा. 17-28 झूम करताना लांब-आखूड होत नाही, तुषार उडत असताना हे बरं पडतं. (पावसाळ्यात खालच्या कुंडाकडे मात्र उतरू नका, पाणी अचानक वाढतं. कड्यावरूनही चित्र मिळतं.)

एफ/2.8चा फायदा दिवसा फारसा नाही, कारण निसर्गचित्र आपण एफ/8 ते एफ/11वरच काढतो. तो रात्री कळतो. एप्रिल-मेमध्ये इंदूरच्या उजेडापासून लांब जाऊन पहाटेपूर्वीची आकाशगंगा टिपायची असेल, तर वीस सेकंदांच्या चित्राला एफ/2.8वर आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) 3200 पुरतो तिथे एफ/4ला 6400 लागतो. वर्षातून चार-सहा रात्री असं करणाऱ्याने एफ/2.8 घ्यावी. न करणाऱ्याने त्यासाठी पैसे घालू नयेत.

वजनं: 14-30चं 485, 14-24चं 650 आणि 17-28चं 450 ग्रॅम. तिन्हींत कंपन रोखण्याची सोय नाही. मांडूच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून झेड 5 किंवा झेड 6सारखी ती सोय असलेली बॉडी हवी.

माझा कौल बहुतेकांसाठी 14-30ला. ताऱ्यांची ओढ असेल आणि 17 पुरत असेल तर 17-28. वास्तू आणि रात्र दोन्ही मनापासून करायच्या असतील तरच 14-24.

आणि हातात झेड 50 असेल तर यातली एकही घेऊ नका. लहान सेन्सरवर 17-28 जवळपास 25पासून सुरू झाल्यासारखी वागते. त्या कॅमेऱ्यासाठीच बनवलेली 12-28 पॉवर झूम फक्त 205 ग्रॅमची आहे, तिला फिल्टरही 67चाच लागतो, आणि तिच्यात कंपन रोखण्याची सोय आहे.