वर्डप्रेस, 14 महिन्यांनंतर: पत्त्यातला ‘नका’ कुठे गेला?

वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट तयार करून चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर. ते इथे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थीम आणि प्लगइनची (वरून जोडायच्या सोयींची) यादी देत नाही. जुन्या पुस्तकांची निगा कशी राखावी यावर माझी छोटी मराठी वेबसाइट आहे. ती 14 महिन्यांपूर्वी मी एका बंदिस्त सेवेवरून वर्डप्रेसवर आणली. हे सगळं लिहायला बसले ते मागच्या महिन्यात आलेल्या एका फोनमुळे.

‘ओली पुस्तके उन्हात वाळवू नका’ असा माझा एक लेख आहे. उन्हाने कागद वाकडातिकडा होतो, शाई उडते, म्हणून सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा, असं त्यात सविस्तर लिहिलंय. सगळ्या लेखांच्या वेबपत्त्यांची यादी करून मी ओळखीच्या ग्रंथपालांना पाठवली होती. त्यातल्या एकांचा फोन आला, “अहो, तुम्ही तर उन्हात ठेवू नका म्हणता ना? मग इथे असं कसं?” पत्ता उघडून पाहिला. लिहिलं होतं: ‘ओली-पुस्तके-उन्हात-वाळवू’. शेवटचा ‘नका’ गायब. सल्ला बरोबर उलटा झाला होता.

आधी वाटलं, माझ्याच हातून खोडला गेला असेल. नव्याने लेख करून पाहिला, पुन्हा तेच. मग शोधायला बसले आणि कारण सापडलं. पत्त्याच्या या तुकड्याला, म्हणजे स्लगला, डेटाबेसमध्ये 200 जागा ठेवल्या आहेत. रोमन अक्षराला एक जागा पुरते. देवनागरी अक्षर मात्र पत्त्यात जाताना टक्क्याच्या चिन्हांच्या सांकेतिक रूपात जातं. नुसता ‘प’ घ्या: टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-ए-ए. झाल्या 9 जागा. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे ‘पुस्तके’ मधला ‘स्त’ एकटा 27 जागा खातो. थोडक्यात इंग्रजी शीर्षकाला 200 अक्षरं मिळतात आणि आपल्याला जेमतेम 22. माझ्या शीर्षकात ‘वाळवू’ पर्यंत 21 झाली. ‘नका’ मधला ‘न’ सुद्धा बसला नाही.

मला याचा फार राग आला. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. नका, नाही, नये, नको, नव्हे: सगळे शेवटच्या बाकावर बसणारे. शेपूट कापणारं यंत्र मराठीला जितकं बाधतं तितकं इंग्रजीला बाधत नाही. पत्ते आपोआप रोमन लिपीत करून देणारी प्लगइन आहेत, काही फुकट आणि काही वर्षाकाठी शुल्क घेणारी. एक फुकट प्लगइन दोन दिवस लावून पाहिलं आणि काढून टाकलं. मराठी लेखाचा पत्ता मराठीत वाचता यावा, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी दरवर्षी पैसे भरणार नाही आणि फुकट मिळालं तरी लिपी सोडणार नाही.

इतकं झाल्यावर मी वर्डप्रेसला पाचपैकी एक तारा देऊन मोकळी होणार होते. पण या त्रुटीवरची चर्चा उघडली आणि मत बदललं. ती चर्चा दहा वर्षांहून जुनी आहे. रोमन न वापरणाऱ्या कितीतरी भाषांची माणसं तीच तक्रार करतात. पण 200 चे 400 करणं म्हणजे फक्त एक आकडा बदलणं नाही. 2015 मध्ये वर्डप्रेसच्या 4.2 आवृत्तीत अक्षरसंचाची (साठवता येणाऱ्या अक्षरांची) व्याप्ती वाढवली, तेव्हा जुन्या डेटाबेसच्या मर्यादेमुळे स्लगच्या याच रकान्याच्या अनुक्रमणिकेला, म्हणजे पटकन शोधायच्या यादीला, 191 अक्षरांवर थांबावं लागलं. जगातल्या 40 टक्क्यांहून अधिक वेबसाइट या सॉफ्टवेअरवर चालतात. डेटाबेसमधल्या तक्त्याची रचना बदलायची तर ती स्वस्तातल्या, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेल्या होस्टिंगवरही (वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवरही) बिनचूक बदलली पाहिजे. याची जबाबदारी घेणारा माणूस हवा, महिनोन् महिने चाचण्या करणारे हवेत. नेमकं तेच मनुष्यबळ कमी पडतं.

गेल्या दोन वर्षांत ते आणखी उघडं पडलं. कंपन्यांनी आपल्या मनुष्यबळाचा 5 टक्के वाटा वर्डप्रेस प्रकल्पाला द्यावा, ही कल्पना वर्डप्रेसचे एक जनक मॅट मलनवेग यांनी 2014 मध्ये मांडली होती. सप्टेंबर 2024 मध्ये त्यांचं आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचं भांडण पेटलं, प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी 2025 मध्ये त्यांच्या ऑटोमॅटिक कंपनीने प्रकल्पाला दिलेले तास आठवड्याला 45 वर आणले. वर्षात एकच मोठी आवृत्ती निघेल असं ठरलं. मे महिन्यात कंपनी परतली आणि डिसेंबरमध्ये 6.9 आवृत्ती आली. पण एका कंपनीने हात आखडता घेतला की अख्ख्या प्रकल्पाचा वेग मंदावतो, हे सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी देवनागरी पत्त्याचा नंबर कधी लागणार?

तरीही मी इथेच आहे, त्याला कारण आहे. सहाव्या महिन्यात माझ्या होस्टिंग कंपनीने तीन दिवस साइट बंद ठेवली. तक्रार केली की प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि पहिल्यापासून तेच प्रश्न. शेवटी डेटाबेसची प्रत आणि फाइलींचं फोल्डर उचललं, दुसरीकडे नेलं, संध्याकाळपर्यंत साइट सुरू. आधीच्या बंदिस्त सेवेतून बाहेर पडताना मी 60 लेख एकेक करून हाताने चिकटवले होते. तो आठवडा अजून विसरलेले नाही. वर्डप्रेसचा जन्मच अशा मोकळीकीतून झाला. बी2 नावाचं सॉफ्टवेअर त्याच्या कर्त्याने सोडून दिलं होतं. परवाना मुक्त होता म्हणून मलनवेग आणि माइक लिटल यांनी ते पुढे नेलं आणि 27 मे 2003 ला पहिली आवृत्ती काढली.

ब्लॉक एडिटरबद्दल, म्हणजे लेख तुकड्यातुकड्यांनी रचायच्या वर्डप्रेसच्या सोयीबद्दल, दोनच वाक्यं. 2018 पासून लोक त्याच्या नावाने बोटं मोडतात, मीही तीन महिने मोडली. आता तक्ते आणि चित्रं त्याच्याशिवाय जमत नाहीत.

त्याच एडिटरच्या आराखड्यात चार टप्पे आहेत आणि बहुभाषिकता चौथ्यात, अगदी शेवटी. सध्या तिसरा चालू आहे, एकत्र बसून लिहिण्याचा, 6.9 मध्ये ब्लॉकवर टिपणं ठेवायची सोय आली ती त्यातलीच. चौथ्याची वाट बघत बसायचं नाही, असं मी ठरवलंय. आठवड्याला दोन तास काढते. एक तास मराठी भाषांतरातल्या अडकलेल्या ओळींना. दुसरा तास येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी करायला. प्लेग्राउंड या वर्डप्रेसच्या चाचणीच्या सोयीमुळे ती ब्राउझरमध्येच चालते, काही बसवावं लागत नाही. प्रत्येक वेळी तेच लांब मराठी शीर्षक टाकते आणि पत्ता कुठे तुटतो ते पाहते. त्या जुन्या चर्चेत ‘वाळवू’ आणि ‘वाळवू नका’ मधला फरक समजावून सांगणारी नोंदही टाकली. उत्तर देणाऱ्याला मराठी येत नव्हतं, पण मुद्दा त्याला लगेच कळला.

पाचपैकी साडेतीन तारे. लेखाचा पत्ता मी हाताने ‘उन्हात-नको-ओली-पुस्तके’ असा केलाय, 19 अक्षरांत. जुना पत्ता उघडला तरी वर्डप्रेस आपणहून नव्यावर नेतं, त्यामुळे ग्रंथपालांकडची यादी बदलावी लागली नाही. त्यांना फोन करून मात्र सांगितलं.