मुक्तांगण, येरवडा: उपचार आणि त्यानंतरचे महिने

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र धाकट्या भावाच्या उपचारांमुळे मला जवळून पाहता आले.

निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचे असतात. समुपदेशन, गटचर्चा, योगासने आणि ठरावीक दिनक्रम यांपेक्षाही मला महत्त्वाची वाटली ती स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली तेथील कार्यकर्ती माणसे, कारण त्यांच्यापुढे कोणतीही सबब टिकत नाही. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट आहे. भावजयीला त्याचा आधार वाटला.

दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या काही दिवसांत थरथर, भास, क्वचित झटकेही येऊ शकतात व ते जिवावर बेतू शकतात, म्हणून गळ्यात माळ घालून घरीच दारू सोडवू पाहणाऱ्यांनी (श्रद्धा आपल्या जागी) आधी डॉक्टरांना गाठावे. नकळत जेवणात दारू सोडवण्याची गोळी मिसळण्याचा प्रकार तर सर्वस्वी टाळावा. अशा गोळीतले डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतल्यास रक्तदाब घसरून प्राणावर येऊ शकते.

घरी परतल्यावर ‘पूर्ण बरा झाला’ असे मानणाऱ्या कुटुंबांची मात्र येथे निराशा होईल. पाठपुराव्याच्या भेटी आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडलेल्या व सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परमदत गटाच्या विनामूल्य सभा यांसाठी पुढचे वर्षभर वेळ राखून ठेवावा लागतो. प्रवेशापूर्वी सल्ला हवा असल्यास १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क मदतवाहिनी उपलब्ध आहे.